पुढचे चाक जमिनीवर : मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपची सुधारणा

मोटारसायकल हे वाहन आता आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, तिच्या अंगप्रत्यंगांचा विचार करण्याची वेळ सहसा ती बंद पडल्यावरच येते. इंजिन किती सीसीचे, एका लिटरला किती किलोमीटर, ही चौकशी घरातले शाळकरी पोरही करते. परंतु हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत उतरणाऱ्या त्या दोन नळ्या कशासाठी असतात असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते : “धक्के बसू नयेत म्हणून.” हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धे आहे, आणि राहिलेले अर्धेच अधिक मोलाचे आहे. या अर्ध्या उत्तरावर विसंबून पुष्कळ हौशी मंडळी पुढच्या शॉकअपमध्ये फेरफार करतात, चांगले पैसे मोजतात, आणि गाडी पूर्वीपेक्षा बिघडवून घरी आणतात. म्हणून ही सुधारणा म्हणजे काय, ती कोणत्या क्रमाने करावी आणि कोठे थांबावे, एवढेच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

विषय हौसेचा दिसतो, पण तो केवळ हौसेचा नाही. भारत सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. या सर्व मृत्यूंचा दोष शॉकअपच्या माथी मारता येणार नाही, हे उघड आहे. तथापि दुचाकी थांबते ती मुख्यतः पुढच्या चाकावर, वळते तीही पुढच्याच चाकावर, आणि त्या चाकाचा रस्त्याशी संबंध येतो तो तळहाताएवढ्या रबराच्या तुकड्याने. तो तुकडा रस्त्याला चिकटून राहिला तर ब्रेक लागतो, गाडी वळते. सुटला तर उत्तम ब्रेक आणि उत्तम टायर दोन्ही व्यर्थ. पुढच्या शॉकअपचे पहिले काम आहे ते हे : चाक जमिनीवर ठेवणे. स्वाराच्या मनगटांना सुख देणे हे दुसरे काम.

थोडा पूर्वेतिहास

प्रारंभीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच. पुढे चाकाला खालीवर हलण्यासाठी सांध्यांचे, स्प्रिंग लावलेले लोखंडी चिमटे आले. आज आपण पाहतो ती एका नळीत दुसरी नळी सरकणारी, आत स्प्रिंग आणि तेल असलेली रचना नेहमीच्या उत्पादनात रुळवण्याचे श्रेय जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीच्या १९३५ सालच्या आर-१२ व आर-१७ या गाड्यांना दिले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रचना सर्वत्र पसरली. इंग्लंडच्या रॉयल एन्फील्डची नळीच्या फोर्कची बुलेट १९५५ पासून मद्रासला जोडली जाऊ लागली, आणि आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी पुढचा शॉकअप म्हणजे काय ते तिच्यावरूनच जाणले.

या रचनेत सोय आहे तशी एक अडचणही आहे. वळवणे, ब्रेकचा भार सोसणे आणि खड्डे गिळणे ही तिन्ही कामे त्याच दोन नळ्यांना करावी लागतात. एकाच माणसाकडे स्वयंपाक, वाढप आणि हिशेब सोपवल्यासारखे हे आहे. एका कामाची घाई झाली की दुसऱ्याचा विचका होतो. ब्रेक दाबताच गाडीचे तोंड खाली झुकते, ते याचमुळे.

ब्रेक दाबल्यावर काय होते

हे झुकणे किती असते, त्याचा साधा हिशेब करू. समजा, गाडी व स्वार मिळून वजन २९० किलो आहे, दोन चाकांच्या मध्यांतील अंतर १४० सेंटिमीटर आहे, आणि एकूण भाराचा मध्यबिंदू जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. गाडी उभी असताना भार निम्मानिम्मा, म्हणजे प्रत्येक चाकावर १४५ किलो. आता स्वाराने जोराचा ब्रेक लावला. इतका की गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या सात दशांश प्रमाणाने कमी होऊ लागला. तेव्हा २९० ला ०.७ ने व ६० ने गुणून १४० ने भागले की ८७ येतात. एवढे किलो मागच्या चाकावरून उठून पुढच्यावर जातात. पुढे २३२, मागे उरले ५८! मागच्या ब्रेकने गाडी का थांबत नाही, याचे उत्तर या एका वजाबाकीत आहे.

हा वाढीव भार येताच पुढची स्प्रिंग दबते, आणि तिची चाल, म्हणजे खालीवर सरकण्याची जागा, खर्च होते. अशाच क्षणी खड्डा आला तर? खड्डा दिसल्यावर माणूस ब्रेक दाबतो, आणि ब्रेक दाबलेला असतानाच चाक खड्ड्यात जाते. शॉकअपपाशी धक्का गिळायला जागाच उरलेली नसते. नळी तळाला ठोकते, चाक उसळते, आणि ज्या क्षणी पकड हवी त्याच क्षणी रबर हवेत असते. आपल्याकडे १२५ सीसीवरील गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस आवश्यक झाले आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु उसळलेले चाक आवळू लागले की ते यंत्र ब्रेक सैल करते, कारण त्याला चाक घसरल्यासारखेच वाटते. म्हणजे एबीएसलासुद्धा आपले काम करण्यासाठी जमिनीवर टेकलेले चाक लागते. यावरून एक सवयीचा धडा निघतो : ब्रेक खड्ड्याच्या आधी लावावा आणि चाक खड्ड्याच्या काठाशी येताना तो सैल करावा. या सुधारणेला एक पैसाही पडत नाही.

स्प्रिंग आणि तेल

शॉकअपमध्ये दोन गडी काम करतात. एक स्प्रिंग, ती भार तोलते. दुसरा तेल, ते स्प्रिंगला आवरते. नुसती स्प्रिंग असेल तर जुन्या टांग्याच्या कमानीप्रमाणे गाडी एका धक्क्यानंतर डोलतच राहील. तेल अरुंद वाटेने ढकलले जाते, त्यात धक्क्याची शक्ती खर्ची पडते, आणि डोलणे शमते. यालाच डॅम्पिंग म्हणतात; आम्ही त्याला शमन म्हणू. दाबले जाताना होणारे एक, आणि स्प्रिंग परत उलगडताना होणारे दुसरे, असे शमनाचे दोन प्रकार आहेत.

साध्या गाड्यांच्या शॉकअपमध्ये हे शमन ठराविक आकाराच्या छिद्रांनी होते. रंगपंचमीची पिचकारी आठवावी. दट्ट्या हळू दाबला तर पाणी सहज जाते. जोराने दाबू गेले तर हात अडतो. छिद्रातून तेल जाण्याचा वेग दुप्पट झाला की विरोध सुमारे चौपट होतो. वेग दहापट झाला तर विरोध शंभरपट. ब्रेक दाबल्यावर नळी संथपणे सरकते, तेव्हा छिद्र तिला जवळजवळ अडवतच नाही आणि तोंड भसकन खाली जाते. उलट खड्ड्याच्या काठावर नळी एकदम वेगाने सरकू पाहते, तेव्हा तेच छिद्र दगडासारखे आडवे येते आणि धक्का थेट मनगटात. एकच शॉकअप एकाच वेळी फार मऊ आणि फार कडक का वाटतो, हे कोडे येथे उलगडते. घट्ट तेल घातल्याने हे कोडे सुटत नाही. झुकणे थोडे कमी होते, पण खड्डे अधिक टोचतात.

प्रथम मोजावे

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रॉयल एन्फील्डची २०१८ साली आलेली इंटरसेप्टर ६५० ही गाडी आपल्याकडे सुपरिचित आहे. तिच्या पुढच्या शॉकअपच्या नळ्या ४१ मिलिमीटर व्यासाच्या आणि चाल ११० मिलिमीटर. मूळ रचनेत स्प्रिंगचा आधीचा दाब वा तेलाचे शमन कमीजास्त करण्याची बाहेरून सोय नाही. कारखान्याला सर्वांसाठी एकच स्प्रिंग निवडावी लागते. पण स्वार ५५ किलोचा असतो तसा ९५ किलोचाही असतो. मापाच्या शिवलेल्या आणि तयार विकत घेतलेल्या सदऱ्यात जो फरक, तोच येथेही.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी, स्वार बसल्यावर स्प्रिंग किती दबते ते मोजावे. पुढचे चाक उचलून शॉकअप पूर्ण ताणावा आणि चकाकणारी नळी किती दिसते ते लिहून ठेवावे. समजा, १२५ मिलिमीटर. मग चाक खाली टेकवून स्वाराने नेहमीच्या पोशाखात नीट बसावे, आणि दुसऱ्याने गाडी धरावी. तिसऱ्याने हँडल खाली दाबून अलगद सोडावे व मोजावे. समजा, ८४ आले. मग हँडल वर उचलून अलगद सोडावे व पुन्हा मोजावे. समजा, ९२ आले. दोहोंची सरासरी ८८, ती १२५ मधून वजा केली, उरले ३७. म्हणजे ११० पैकी ३७ मिलिमीटर चाल नुसत्या वजनाने गेली. रस्त्यावरच्या गाडीसाठी हे प्रमाण साधारण तृतीयांश असावे, असा सर्वमान्य संकेत आहे. तेव्हा या गाडीचे ठीक चालले आहे. हाच आकडा ५० च्या वर असेल तर स्प्रिंग त्या स्वाराला नरम आहे किंवा तिला आधी दिलेला दाब कमी आहे. २० आला तर उलट.

दोन मापांतला ८ मिलिमीटरचा फरक हीही एक खूण आहे. तो घर्षणाचा आकडा आहे. फरक फार मोठा असेल, तर कोरडे झालेले सील, झिजलेले बुश, वाकलेली नळी, किंवा चाकाचा आस कसताना तिरपी बसलेली जोडी, यांपैकी काहीतरी बिघडले आहे. अशा शॉकअपमध्ये महागडा भाग घालणे म्हणजे गळक्या हौदाला नवा नळ बसवणे.

सुधारणेचा क्रम

पहिली पायरी दुरुस्तीची. टायरमधील हवा कारखान्याने सांगितल्याप्रमाणे असावी. हँडलचा कोनसेट तपासावा. हँडल मधोमध अडखळत असेल तर बेअरिंग गेली आहेत. तेल गळत असेल तर सील बदलावेत. आस पुन्हा बसवताना शेवटचा बोल्ट कसण्यापूर्वी शॉकअप काही वेळा खालीवर दाबावा, म्हणजे दोन्ही नळ्या आपापली सरळ जागा घेतात. अखेरीस तेल बदलावे. शॉकअपमधले तेलही कालांतराने पातळ व गढूळ होते, पण इंजिनच्या तेलाप्रमाणे त्याची आठवण कोणाला होत नाही. पुष्कळ गाड्यांची सुधारणा या पायरीवरच पूर्ण होते, आणि मालकाला वाटते की मेकॅनिकने काही नवे घातले!

तेल किती घालावे हेही महत्त्वाचे. तेलाच्या वर नळीत हवा कोंडलेली असते. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम आपण शाळेत शिकलो : हवेचे आकारमान निम्मे झाले की तिचा दाब दुप्पट होतो. ही हवा म्हणजे एक अदृश्य स्प्रिंगच. चालीच्या प्रारंभी ती जाणवत नाही, शेवटी मात्र झपाट्याने कडक होते. तेल थोडे जास्त घातले की हवेची जागा घटते आणि शॉकअप तळाला ठोकणे कमी होते. पण जास्त म्हणजे पाच-दहा मिलिमीटर. फार भरले तर चाल अपुरी राहते आणि सील फुटतात. म्हणून पातळी दोन्ही नळ्यांत मोजून सारखी ठेवावी, अंदाजाने ओतू नये.

दुसरी पायरी स्प्रिंगची. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्प्रिंगवर चकती ठेवून तिला आधीच थोडे दाबून बसवले की ती कडक झाली, असे समजतात. तसे नाही. समजा, प्रत्येक स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला ०.८ किलो भार घेते. दोन मिळून १.६ किलो. १० मिलिमीटरची चकती घातली तर १६ किलो भार येईपर्यंत ती हलणार नाही, आणि गाडीचे तोंड सुमारे १० मिलिमीटर वर राहील. पण एकदा हलू लागली की पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तेच १.६ किलो. चकतीने उंची बदलते, स्वभाव बदलत नाही. स्वभाव बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

आणि येथे एक विपरीत वाटणारी गोष्ट घडते. जड स्वाराने अधिक कडक स्प्रिंग घातली तर गाडी पुष्कळदा अधिक मऊ वाटते! कारण पूर्वीची नरम स्प्रिंग आधीच खोल दबलेली असे; चाक सतत चालीच्या शेवटच्या, कडक टोकापाशी वावरे. आता ते मध्यावर आले आणि त्याला दोन्हीकडे जागा मिळाली. “धक्के बसतात, म्हणून स्प्रिंग नरम करा” हा सरळ वाटणारा तर्क अशा वेळी नेमका उलट्या दिशेला नेतो.

तिसरी पायरी शमनाची. पिचकारीच्या छिद्राचा दोष घालवण्यासाठी जुन्या रचनेतच बसणारी एक झडप मिळते. ती आतील छिद्रांच्या नळीवर ठेवतात व मुख्य स्प्रिंग तिला दाबून धरते. संथ हालचालीला ती बंद राहून विरोध करते. खड्ड्याचा जोराचा दाब आला की उघडते आणि तेलाला वाट देते. अर्थात खालची जुनी छिद्रे मोठी करावी लागतात, नाही तर झडपेला कामच राहत नाही; आणि एकदा मोठे केलेले छिद्र पुन्हा लहान होत नाही. याहून वरची व महाग तऱ्हा म्हणजे सबंध आतला संच बदलणे. त्यात पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात, आणि अनेक संचांत दाब व उलगडणे यांचे शमन बाहेरून स्क्रूने वेगवेगळे जुळवता येते.

परंतु हे स्क्रू हाती आले की मोह होतो. उलगडण्याचे शमन फार वाढवले तर एका खड्ड्यानंतर शॉकअप पुरता वर येण्याआधीच दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. गतिरोधकांच्या पट्ट्यांवरून जाताना गाडीचे तोंड पायरीपायरीने खाली जाते आणि कडक होत जाते. स्वार म्हणतो, “स्प्रिंग कडक आहे,” आणि भलतीच गोष्ट बदलतो. म्हणून एका वेळी एकच स्क्रू, एक-दोन टिचक्याच फिरवावा, आधीची जागा वहीत लिहावी, आणि ओळखीच्या एकाच रस्त्यावर पारख करावी.

जेथे थांबावे

चौथी पायरी पुष्कळांना पहिली वाटते : दुसऱ्या, वेगवान गाडीचा सबंध फोर्क काढून आपल्या गाडीला लावणे. जाड नळ्या वर आणि चकाकणाऱ्या खाली असलेला उलटा फोर्क दिसायला रुबाबदार असतो, आणि तो अधिक ताठही असतो. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला तो पहिल्यापासून आहे. त्या गाडीची सबंध आखणीच त्याला धरून झालेली आहे. पण आपल्या गाडीची आखणी निराळी. फोर्कची लांबी, हँडलच्या दांड्यापासून त्याचे अंतर, स्प्रिंगचा भार, चाकाचा आस, ब्रेक, सारेच बदलते.

यात किती नाजूक हिशेब असतो पाहा. दोन चाकांत १४० सेंटिमीटर अंतर असताना गाडीचे तोंड केवळ १० मिलिमीटर खाली आले, तर फोर्कचा कल सुमारे ०.४ अंशाने बदलतो, आणि हँडलच्या रेषेमागे चाक जितके अंतर ओढले जाते ते अंतर दोन-तीन मिलिमीटरनी घटते. एवढ्याने गाडी वळायला चपळ होते, हे खरे. पण तेच अंतर गाडीला सरळ ठेवत असते. ते मनमानीने आणखी घटवत गेले, तर महामार्गावर वेगात असताना हँडल थरथरू लागण्याचा धोका आहे. चार-पाच सेंटिमीटर आखूड किंवा लांब फोर्क घालणारा माणूस गाडीचा नकाशाच बदलत असतो, आणि त्याला ते ठाऊक नसते.

शिवाय कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला आहे. तेव्हा सबंध फोर्क बदलण्याचा बेत असेल त्याने आधी परिवहन कार्यालयात विचारावे. अपघातानंतर विमा कंपनीच्या पत्रातून उत्तर कळणे कोणालाच परवडणारे नाही.

आणखी एक सावधगिरी. शॉकअपचे वरचे झाकण आतल्या स्प्रिंगने दाबलेले असते. ते सैल होताच तोफेच्या गोळ्यासारखे उडू शकते. गाडी नीट टेकवल्यावाचून, डोळ्यांना चष्मा लावल्यावाचून ते उघडू नये. ज्यास अनुभव नाही त्याने हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. मोजण्याचे काम मात्र स्वतः करावे. त्यासाठी टेप, वही आणि दोन मित्र एवढेच साहित्य लागते, आणि कारागिराशी बोलताना “गाडी नीट वाटत नाही” या वाक्याऐवजी हातात एक आकडा असतो. चांगला कारागीर अशा गिऱ्हाइकावर खूश असतो.

तात्पर्य, आधी दुरुस्ती, मग मोजमाप, मग आपल्या वजनाची स्प्रिंग, मग शमन, आणि सबंध फोर्क बदलण्याचा विचार झालाच तर अगदी शेवटी. प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या बदलाने पुढचे चाक जमिनीवर अधिक राहील काय? उत्तर ‘होय’ असेल तर पैसे द्यावेत. ‘दिसायला छान’ हे उत्तर असेल, तर ते पैसे चांगल्या पुढच्या टायरसाठी राखून ठेवावेत. आणि पावसाळ्याची पहिली सर येण्यापूर्वी निदान सील, कोनसेट आणि हवा ही तीन तरी पाहून घ्यावीत, एवढी आमची आग्रहाची विनंती आहे.